जिथं वल्हं घालायचं नाही

आमच्या पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरच्या, टिनाच्या शेडमध्ये, भिंतीवर, तलावाचा नकाशा आहे. पहिल्या वर्षी तो मी चुन्यानं काढला होता. पाळ, गेट, सांडवा, पलीकडचं जंगल, मधला उथळ उंचवटा आणि या सगळ्यांतून फिरणारी कयाकची, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद नावेची, वाट. तेव्हा ती वाट अख्ख्या तलावाला वळसा घालायची. आता त्याच नकाशावर गेरूच्या रेघा आहेत आणि रेघेच्या पलीकडे आम्ही जात नाही. एक सोडली तर त्यातली कुठलीच रेघ मी मारलेली नाही. आमच्या गाइडांनी मारल्या, दर मोसमात एखाद-दुसरी. आता आमची वाट तलावाच्या तिसऱ्या हिश्श्यात मावते.

लोकांकडून पैसे घेऊन त्यांना पाण्यावर फिरवणाऱ्या माणसानं आपलं पाणी असं कमी होऊ द्यावं का, हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला आहे आणि काही रात्री मी स्वतःलाही विचारला आहे. म्हणून त्या रेघा कशा पडल्या ते एकदा नीट सांगावंसं वाटतं.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कापूस, ऊन आणि कोरडी विहीर येते. आमची झाडीपट्टी तशी नाही. इथं धान आहे, साग-मोह-पळसाचं जंगल आहे आणि गावागणिक तलाव आहे. ‘मामा तलाव’ म्हटलं की पाहुणे हसतात, कुणाचे मामा विचारतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, मालगुजाराचं नाव मात्र पाण्याला चिकटून राहिलं. खरं तर यातले बरेच तलाव मालगुजारीच्याही आधीचे. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा रिवाज होता आणि कोहळी लोकांनी त्या बोलीवर डोंगरांच्या खोबणी हेरून मातीच्या पाळी घातल्या. नवेगाव बांध हा त्यातला थोरला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पुढे लोकांनी त्या माणसालाच कोलासूर देव केलं. भोवतीच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात, त्या सात देवी बहिणींनी कोलू पाटलाला पाळ घालायला मदत केली अशी श्रद्धा आहे. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारा मुलूख आहे हा.

आमचा तलाव त्यापुढे लेकरू. बांधणाऱ्याचं नाव गावात कुणाला सांगता येत नाही. पण बांधणी तीच. वरच्या बोडीचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, सांडवा आमच्या तलावात उतरतो, आमचा सांडवा खालच्या गावाच्या तलावात. पाण्याचा एक थेंब तीन-चार गावांची शेतं ओली करत पुढे जातो.

मी पहिल्यांदा कयाकमध्ये बसलो तो गोव्याच्या एका खाडीत, खारफुटीत. तिथं मला आपला तलाव आठवला. कयाकला इंजिन नाही, धूर नाही, तेलाचा तवंग नाही. ती टीचभर पाण्यातही तरंगते, म्हणून कमळाच्या पानांच्या कडेनं जाता येतं. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही पाण्याच्या अगदी लगत बसता. पाळीवरून तलाव दिसतो तो पत्रावळीसारखा सपाट. कयाकमधून तो बदकाला दिसतो तसा दिसतो. पाणकणीस डोक्यापेक्षा उंच होतं, चतुर नाकाच्या रेषेत येतो. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांनी ही नाव सील मारायला घडवली. लाकडाच्या, हाडांच्या सांगाड्यावर सीलचंच कातडं ताणून. आवाज न करता प्राण्याच्या जवळ जाणं हाच तिचा मूळ उद्देश. त्या गुणाचा आम्ही शिकारीऐवजी दुसरा उपयोग करतो एवढंच. मात्र हेही सांगितलं पाहिजे की आमच्या आठही कयाक प्लास्टिकच्या आहेत, साच्यात ओतलेल्या. पर्यावरणाचं नाव घेताना ही गोष्ट मी लपवत नाही. त्या जितकी वर्षं टिकतील तितकी टिकवायच्या, उन्हात ठेवायच्या नाहीत, चीर पडली तर टाकून न देता तापवून सांधायची, एवढं आमच्या हातात आहे.

परवानग्यांचं सांगत बसत नाही. तलाव ज्यांच्या ताब्यात, पाण्यावर ज्यांच्या धानाचा हक्क आणि मासळीवर ज्यांच्या संस्थेचा, त्या सगळ्यांपुढे बसावं लागलं, दोन वर्षं गेली. त्यातून एक क्रम मात्र पक्का झाला. पाणी आधी बांधीचं, म्हणजे धानाच्या शेताचं, मग मासोळीचं, मग आमचं. ऑक्टोबरात धान निसवताना गेट उघडतं आणि पाणी हातभर खाली जातं. त्या आठवड्यात कुणाचं बुकिंग असो, आम्ही गेटकडे तक्रार घेऊन जात नाही.

गाइड चौघं. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, टोलीतले काकाजी, त्यांचे दोन पुतणे आणि टोलीतल्याच एक वहिनी. काकाजी कयाकमध्ये कधी बसले नाहीत. ते आपल्या डोंग्यात उभे राहून मागून येतात, लांब बांबूनं रेटत. कुणी उलटलंच तर आधी पोचतात ते तेच. बाहेरून एक प्रशिक्षक बोलावला होता. त्यानं पुतण्यांना हातानं नव्हे तर कमरेतून वळून वल्हं कसं ओढायचं ते शिकवलं, उलटलेली कयाक दुसऱ्या कयाकवर आडवी ओढून पाणी कसं काढायचं आणि माणसाला पुन्हा वर कसं घ्यायचं ते शिकवलं. पोरं तिसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा सफाईनं करायला लागली. अडलं ते लाइफ जॅकेटवर. चालायच्या आधी पोहायला शिकलेल्या पोरांना ते अंगात घालणं म्हणजे टोलीसमोर अपमान वाटायचा. महिनाभर वाद चालला. शेवटी धाकट्यालाच कळलं. नागपूरहून आलेल्या एका पोक्त गृहस्थांनी, ‘तो घालत नाही, मग मी कशाला घालू,’ असं म्हणून बंद सोडले. धाकटा काही न बोलता किनाऱ्याला परत गेला आणि जॅकेट घालून आला. त्या दिवसापासून त्याचं जॅकेट सगळ्यांत आधी चढतं, शिट्टीसकट.

आता पहिली रेघ.

दुसऱ्या मोसमातली जानेवारी. मधल्या उथळ उंचवट्यावर पट्टकादंब उतरले होते. राखाडी हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलियाकडच्या सरोवरांवर त्यांची पिल्लं होतात आणि हिवाळ्यात ते हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. त्या सकाळी आमच्याकडे कॅमेरेवाले पाहुणे होते. जवळ चला, अजून जवळ, म्हणाले. मलाही वाटलं, एवढ्या लांबून आलेत, एक फोटो मिळाला तर चार लोकांना सांगतील. आठही कयाक मी त्या उंचवट्याकडे वळवल्या. थवा उठला. त्या आवाजाचं वर्णन मला करता येत नाही, पाण्यावरचं धुकं फाटल्यासारखं झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसत होतो.

काकाजी किनाऱ्याला लागेपर्यंत बोलले नाहीत. डोंगा ओढून घेतला, बांबू टेकवला आणि मग म्हणाले, ‘हे पाखरू रातभर चरते अन् दिवसा निजते जी. निजलेल्या पाव्हन्याले कोनी उठवते का, भाऊ?’

मी म्हणालो, ‘काकाजी, संध्याकाळी येतील परत.’

ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी उतरले ते निम्मेच. रात्री शेतांतून चरायचं आणि दिवसा मोकळ्या पाण्यावर विसावायचं हा त्यांचा दिनक्रम मी पुस्तकांतून वाचला होता. काकाजींना तो चाळीस हिवाळे जाळी टाकताना कळला होता. माहिती आमच्या दोघांकडे होती, पण मी ती पाहुण्यांना ऐकवायला ठेवली होती आणि ते तिच्याप्रमाणे डोंगा वळवत होते. त्या संध्याकाळी काकाजींनी गेरूचा खडा पाण्यात बुडवला आणि माझ्या चुन्याच्या नकाशावर उंचवट्याभोवती एक गोल ओढला. मोठा गोल होता. मी काही म्हणालो नाही.

दुसरी रेघ वहिनींची. तलावाच्या पूर्वेच्या कडेला एक काळ नुसती बेशरम माजली होती. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप गुरं तोंडाला लावत नाहीत, तोडून फेकलं तर फेकलेला तुकडाही मुळं धरतो. ते काठ गिळतं आणि मासळीला अंडी घालायला, पाखराला लपायला जागा उरत नाही. आमच्या भागातल्या ढिवर बायांनी कितीतरी तलावांवर हे काम अंगावर घेतलं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की बेशरम मुळासकट खणायची, गाळाची जमीन नांगरायची आणि दुसऱ्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावायच्या. वहिनी त्यांतल्याच. पाण्यात कमरेपर्यंत उभ्या राहून, खाली न बघता, पायाच्या बोटांनी त्या सांगतात हे कुठलं गवत. त्यांनी लावलेलं देवधान, म्हणजे रानचं भात, आता त्या कडेला आपोआप पडतं आणि उगवतं. एका सकाळी आमची एक कयाक वाट चुकून त्यात शिरली आणि वल्ह्याबरोबर मूठभर रोपं उपटून आली. पाहुणे म्हणाले, गवत अडकलं. वहिनींनी ती रोपं ओंजळीत घेतली, पाण्यात उतरल्या, पायानं चिखलात दाबून परत लावली. वीस मिनिटं आम्ही सगळे थांबलो. त्या वीस मिनिटांत पाहुण्यांना जे कळलं ते मी तासभर बोलून सांगू शकलो नसतो. रेघ त्याच दिवशी पडली.

तिसरी रेघही वहिनींचीच आणि तिच्यात पाखरू नाही, गवत नाही. पाळीच्या उत्तर टोकाला बायांचा घाट आहे. सकाळी धुणं, आंघोळ, चार घरच्या गोष्टी. पाण्यावरून माणसं येतात, हातात मोबाइल असतो, हे बायांना नको होतं. माझ्याकडे थेट कुणी बोललं नाही. घाटावर येणाऱ्या बायांची संख्या कमी झाली आणि त्या लांबच्या, निसरड्या काठाला जायला लागल्या, हे वहिनींनी सांगितलं. मला ते दिसलंच नव्हतं. मी पाणी स्वच्छ ठेवत होतो, काठावर प्लास्टिकची एक पुडी पडू देत नव्हतो आणि ज्यांच्या पिढ्या त्या दगडांवर गेल्या त्यांना तिथून हुसकावत होतो. पर्यावरण म्हणताना माणूस त्यात धरायचा असतो, हे मला त्या घाटानं शिकवलं. या रेघेवर मी कधीच वाद घातला नाही.

मग जाळ्यांची रेघ, पहाटे संस्थेची जाळी असतात तिथं. मग बुडत्या चिंचेपलीकडची, जिथं हळदी-कुंकू बदकं बसतात. अशा पडत गेल्या. रेघ मारली की पाण्यात तिथं बांबू रोवायचा आणि त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. प्लास्टिकची पट्टी नाही. वारा सुटला की चिंध्या हलतात आणि पाहुणे विचारतात, हे काय? गाइडची गोष्ट तिथूनच सुरू होते. मला वाटायचं, जिथं जातो तिथल्या गोष्टी सांगायच्या असतात. आमच्या पोरांच्या उत्तम गोष्टी जिथं जात नाही तिथल्या आहेत.

थोरला पुतण्या बोलका. तो दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार नाचतो, आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रातभर नाटकं चालतात. नाटकाच्या रात्रीनंतरची पहाटफेरी आम्ही घेत नाही, जागरण झालेल्या माणसाच्या भरवशावर कुणाचं लेकरू पाण्यात न्यायचं नाही. ऐन सुट्ट्यांच्या दिवसांत पाच-सहा सकाळी त्यात जातात. जाऊ देत. ज्याला रातभर हजार माणसांसमोर उभं राहता येतं तोच सकाळी आठ घाबरलेल्या माणसांना दोन वाक्यांत पाण्यावर शांत बसवू शकतो, हे मी पाहिलंय.

धाकटा कमी बोलतो. मोसमाच्या अगदी सुरुवातीला, ऑक्टोबरात, त्यानं एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला वल्हं मांडीवर ठेवायला सांगितलं आणि पाण्याकडे बोट केलं. शेंदरी रंगाचा एक गोळा पाण्याखाली हलत होता, पसरत होता, आवळत होता. मरळीची पिल्लं, शेकड्यानं. ‘खाली पाय,’ तो म्हणाला, म्हणजे खाली बघ. बऱ्याच वेळानं तिला दिसलं, गोळ्याच्या खाली काळी, जाड, हाताएवढी मरळ स्थिर उभी होती. पिल्लं मोठी होईपर्यंत मरळ त्यांना राखते. पिल्लांच्या गोळ्यावर गळ टाकला तर ती हमखास लागते, कारण ती पळत नाही, अंगावर येते. टोलीत हे सगळ्यांना माहीत आहे. ‘मंग तुमी पकडता?’ मुलीनं त्याच्याच बोलीत विचारलं. तो म्हणाला, ‘माया बाप नोको म्हने. मायले पकडलं तर पिल्लं कोन राखन?’ त्या मुलीनं परत येताना पूर्ण वाट एकदाही वल्हं आपटलं नाही.

हिशेबाचंही थोडं बोललं पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने आम्ही बंद असतो. वीज-वादळाचं भय आहेच, पण तोच पाखरांचा विणीचा काळ. कमळपक्ष्याचा नर त्याच दिवसांत तरंगत्या पानांवर अंडी उबवत बसलेला असतो, मादी निघून गेलेली असते आणि एक लाट त्याचं घरटं ओलं करायला पुरते. त्या दिवसांत पोरं रोवणीला जातात, मीही माझ्या बांधीत असतो. उन्हाळ्यात पाणी उरत नाही. राहतात पाच महिने, त्यातही वारा सुटायच्या आतल्या सकाळी. एका फेरीला आठच कयाक. प्रत्येक फेरीमागे ठरलेला वाटा मासेमारांच्या संस्थेला जातो, गाइडचा पगार फेरी झाली नाही तरी चालू असतो. नाश्ता टोलीतून येतो, पोहे, उकडलेले शिंगाडे, चहा, मोहाच्या पानांच्या द्रोणांत. हे सगळं भागून माझ्याकडे जे उरतं त्यात घर चालतं, कर्जाचा हप्ता जातो, नववी कयाक येत नाही. गेल्या तीन वर्षांत आली नाही. सारस दाखवाल का, जास्त पैसे देऊ, असे फोन येतात. जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत सारसाच्या थोड्याच जोड्या उरल्यात, घरटं कुठं आहे हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक असतं तो ते जपतो आणि आम्ही त्या वाटेला जात नाही. फोनवर एवढंच सांगतो.

शेवटची रेघ गेल्या हिवाळ्यातली. तलावात एक वाळलेलं अर्जुनाचं झाड उभं आहे, पाळ उंचावली तेव्हा बुडालेलं. त्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात. मागून सूर्य वर येतो आणि ते दृश्य असं असतं की पाहणारा श्वास घ्यायचा विसरतो. आमच्या रस्त्यावरच्या पाटीवर त्याचंच चित्र आहे. पाहुणे ते चित्र पाहून वळतात आणि फेरीत सगळ्यांत आधी विचारतात, ते झाड कुठं?

फेब्रुवारीत धाकट्यानं माझ्यासमोर शाळेची एक जुनी वही ठेवली. उरलेल्या कोऱ्या पानांवर तारखा होत्या. कयाक कुठपर्यंत गेली, किती पाणकावळे होते, किती उडाले, किती वेळानं परत आले. तीन महिन्यांची रोजची नोंद. मी त्याला हे काम कधी सांगितलं नव्हतं. पाणकावळ्याचे पंख पाण्यात भिजतात, बुडी मारायला ते बरंच असतं, पण वर आल्यावर त्याला ते वाळवावे लागतात. ओल्या पंखांनी उठवला तर तो जड उडतो, दुसऱ्या जागी जाऊन बसतो आणि थंडीत तसाच बसून राहतो. वहीत दिसत होतं, आम्ही जितके जवळ, तितकं झाड रिकामं.

मी त्याला म्हणालो, ‘अरे, ते झाड पाटीवर आहे. लोक त्याच्यासाठी येतात.’

तो म्हणाला, ‘भाऊ, पाटीवर पाखरं हायत. तुमी जाता तवा झाडावर रायत नाई.’

त्या रात्री मी वही घरी नेली. हिशेब मांडला, हे झाड वाटेतून गेलं तर उरतं काय? मनात त्याच्याशी खूप भांडलो. त्याचं वय वीस, त्याच्या डोक्यावर हप्ता नाही, वगैरे. वहीतल्या एका पानावर त्यानं एका पाणकावळ्याला नाव दिलं होतं, एक बोट तुटलेल्याला, आणि पुढे रोज फक्त एवढंच लिहिलं होतं, आला, आला, नाही आला, आला.

सकाळी शेडमध्ये गेलो तर तो कयाक पुसत होता. मी गेरूचा खडा शोधला, बालदीत बुडवला आणि नकाशावरच्या झाडापासून बरीच लांब एक रेघ मारली. तो मागे येऊन उभा राहिला. थोडा वेळ पाहून त्यानं माझ्या हातातून गेरू घेतला आणि ती रेघ आणखी चार बोटं अलीकडे आणली.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत आम्ही नव्या चिंधीपाशी थांबलो. झाड लांब होतं, काडीएवढं. कुणीतरी विचारलं, पुढे नाही जायचं? धाकट्यानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, बाकीच्यांनीही ठेवलं. पाणी वल्ह्यांच्या टोकांवरून ठिबकत राहिलं. सूर्य पाळीच्या वर आला आणि त्या काडीवर एकामागून एक, पंखांच्या सात जोड्या उघडल्या.